पहिला कट

मशीन म्हणालं, 23.417 किलोमीटर. मशीन खोटं बोलत नाही. पण ते काचेचं अंतर सांगतं, रस्त्याचं नाही. आणि गेली बावीस वर्षं माझं पोट या दोन अंतरांमधल्या फरकावर चाललं आहे.

ओटीडीआर हे त्या मशीनचं नाव. रत्नागिरीच्या आमच्या खोलीत रॅकमधून तुटलेली कोअर, म्हणजे केबलमधला एक तंतू, काढून त्याला लावली, की ते काचेच्या तंतूत प्रकाशाचा एक ठोका सोडतं आणि आतून परत येणारा क्षीण उजेड मोजत बसतं. काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो, त्यामुळे किती वेळाने किती उजेड परत आला यावरून अंतर निघतं. पडद्यावर हलक्या उताराची एक रेघ उमटते. जॉइंट आला की लहानशी पायरी. आणि तंतू जिथे तुटला तिथे रेघ कड्यावरून कोसळते. पुढे नुसतं गवत. त्या खरखरीला आम्ही गवतच म्हणतो.

तिथून पुढचा हिशेब माझा. या रूटवर दर दोन किलोमीटरला जॉइंट, म्हणजे तिथवर अकरा जॉइंट. प्रत्येक चेंबरमध्ये दोन्ही बाजूंची मिळून वीसेक मीटर केबल गुंडाळून ठेवलेली. तो लूप काचेत मोजला जातो, रस्त्यावर नाही. शिवाय केबलच्या आत ट्यूबा पिळाने बसवलेल्या असतात, त्यामुळे तंतू केबलपेक्षा थोडा लांब. शेकडा एक धरायचा हा आमचा ठोकताळा. वजा जाता उरतात तेवीस किलोमीटरला तीसेक मीटर कमी. म्हणजे निवळीचा घाट उतरून बावनदीकडे जाताना. तिथे आलो की गाडी हळू करतो आणि रस्त्याच्या कडेला ताजी लाल माती शोधू लागतो. कोकणात उकरलेली माती लपत नाही.

सापडली. जेसीबी बकेट जमिनीला टेकवून उभा, ऑपरेटर गायब. कट झाला की ऑपरेटर चहाला जातो, हा अलिखित नियम आहे. बकेटच्या दातात नारिंगी डक्टची चिंधी. सुपरवायझर मात्र होता. मी उतरायच्या आत त्याने सुरुवात केली, "साहेब, इथे केबल आहे असा बोर्ड तरी लावायचा."

बोर्ड होता. बोर्ड म्हणजे आमचा रूट मार्कर, सिमेंटचा खुंट. आठवड्यापूर्वी याच जेसीबीने तो उपटला होता आणि आता तो त्यांच्या पाण्याच्या टाकीखाली टेकू म्हणून बसला होता. मी नुसतं तिकडे बोट दाखवलं. सुपरवायझर म्हणाला, "चहा घेणार?"

मी घेतला. महामार्गाच्या चौपदरीकरणातल्या माणसांशी भांडून कोणाचं भलं झालेलं नाही. उद्या पुन्हा तेच खणणार आहेत, आणि उद्या खणण्याआधी त्यांनी मला एक फोन करावा एवढीच माझी अपेक्षा. खणण्याआधी जमिनीखाली काय आहे ते विचारायचं सरकारी ॲप 22 मार्च 2023 रोजी सुरू झालं, चांगलं आहे, मोठे ठेकेदार वापरतातही. पण आंब्याच्या कलमांना पाइपलाइन नेणारा बागायतदार रविवारी सकाळी ॲप उघडत नाही. त्याच्याकडे माझा नंबर आहे, तो जास्त उपयोगी पडतो.

नियमाप्रमाणे केबल 1.65 मीटर खोल असते. सखल भागात ती असतेही. पण कातळावर, जांभ्यात, अर्धा मीटर खणायला दिवस जातो. तिथे लोखंडी पाइपात घालून वर काँक्रीट टाकायची पद्धत. आणि जिथे खरोखर खोल होती तिथेही रस्ता रुंद करताना डोंगर वरून तासला की कालची दीड मीटर आज गुडघ्याएवढी होते. केबल जागची हलत नाही, जमीनच तिच्या अंगावरून निघून जाते.

जेसीबी केबल कापत नाही, ओढतो. दात अडकले की ऑपरेटरला वाटतं झाडाचं मूळ आहे, तो आणखी जोर लावतो. केबल चिवट; मधोमध एफआरपीचा दांडा, भोवती अरामिडचे पिवळे धागे. ती ताणते, डक्टमध्ये सरकते आणि मग तुटते. काच मात्र ताण सोसत नाही. ती खड्ड्यापासून वीस, कधी चाळीस मीटर आत कुठेतरी आधीच गेलेली असते. म्हणून खड्डा दिसतो तिथे जोडून भागत नाही. दोन्ही बाजूंना चांगली केबल लागेपर्यंत मागे जायचं, मधे नवा तुकडा घालायचा, दोन जॉइंट मारायचे. 24 कोअरची केबल म्हणजे 48 सांधे.

ओम्नीच्या मागच्या सीटवर फळी टाकली की आमचं टेबल झालं. केबलचं काळं आवरण सोलायचं, धागे कात्रीने कापायचे, ट्यूबवर कटर फिरवून ती हलकेच मोडायची. आतून जेली येते. पाणी शिरू नये म्हणून भरलेली चिकट खळ. हाताला लागली की साबणाने जात नाही, दुपारी भाकरीला वास येतो. ती पुसली की सहा रंगीत केस उरतात. ब्लू, ऑरेंज, ग्रीन, ब्राऊन, स्लेट, व्हाइट. मराठीत रंग नाहीत असं नाही, पण राखाडी म्हणालो तर फोनवर पलीकडचा गोंधळतो. ट्यूबाही याच क्रमाने: चार ट्यूबा, प्रत्येकीत सहा. या धंद्यातले पाढे एवढेच.

मग आधी स्लीव्ह, म्हणजे सांध्यावर बसवायची नळी, ओवायची. सांधा मारून झाल्यावर स्लीव्ह आठवणं म्हणजे शर्टाची बटणं लावून झाल्यावर बनियन आठवण्यासारखं. प्रत्येकाचं एकदा होतं. रंगाचं कोटिंग सोलून स्पिरिटच्या टिश्यूने तंतू पुसायचा. नीट साफ झाला की तो चुर्र असा बारीक आवाज देतो, आणि तो आवाज आल्याशिवाय मी पुढे जात नाही. तंतू 125 मायक्रॉनचा, त्यातला ज्यातून प्रकाश जातो तो गाभा 9 मायक्रॉनच्या आसपास. क्लीव्हरवर टोक सरळ तोडायचं. तोडताना उरलेला तुकडा डोळ्याला दिसत नाही, पण बोटात शिरला की आठवडाभर ओळख ठेवतो. म्हणून माझ्या खिशाला कायम चिकटपट्टी लावलेली असते, तुकडे तिच्यावर. नव्या पोराला पहिल्या दिवशी मी हेच शिकवतो, सांधा नंतर.

स्प्लायसिंग मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, मोठी करून दाखवलेली, तुळयांसारखी. मशीन ती एका रेषेत आणतं, ठिणगी पडते, दोन काचा एक होतात. खाली वाया जाणाऱ्या प्रकाशाचा आकडा: 0.02 डीबी. 0.1च्या वर गेला की तोडायचा, पुन्हा मारायचा. हे झालं एकाचं. असे अठ्ठेचाळीस, आणि दर पाच मिनिटांनी फोन: "किती वेळ?"

तो फोन माझ्या मनात नेहमी एकच प्रश्न उभा करतो. एका केबलवर एवढं सगळं टांगलंच का?

प्रश्न भाबडा आहे, कारण त्याचं उत्तर सगळ्यांनाच ठाऊक असतं: दुसरी वाट ठेवा. ठेवतातही. माझी तक्रार त्यापुढची आहे.

रत्नागिरीच्या एमआयडीसीत मासळी गोठवून परदेशी पाठवणारा एक कारखाना आहे. शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदी, कस्टमची कागदपत्रं, सगळं नेटवर. शेठ हुशार. एक लाइन बंद पडली तर कंटेनर अडकेल म्हणून त्यांनी दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या. दोन बिलं, दोन राउटर, भिंतीवर दोन वेगळ्या रंगांचे डबे. एका दुपारी कारखान्यापासून चार किलोमीटरवर नळपाणी योजनेच्या चरात एक केबल तुटली आणि दोन्ही लाइन एकदम गेल्या.

मी तिथे पोचलो तेव्हा शेठ स्वतः चराच्या काठावर उभे होते, चप्पल चिखलात. त्यांना मी उघडलेली केबल दाखवली. "ही ब्लू ट्यूब, यातली ग्रीन कोअर ती तुमची पहिली लाइन. ही ऑरेंज ट्यूब, यातली ब्राऊन ती दुसरी." दुसऱ्या कंपनीची त्या पट्ट्यात स्वतःची केबलच नव्हती. तिने आमच्याकडून दोन कोअर भाड्याने घेतल्या होत्या. कागदावर दोन वाटा होत्या. चरात त्यांच्यामधलं अंतर होतं दोन-तीन मिलिमीटर.

शेठनी बराच वेळ त्या दोन केसांकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग मी दुसरं बिल कशाचं भरत होतो?"

मला उत्तर सुचलं नाही. ते त्या वेळी सेल्सच्या माणसाने द्यायचं होतं आणि सेल्सच्या माणसाने तो चर पाहिलेला नव्हता. त्याने खोटं सांगितलं असंही मी म्हणणार नाही. त्याच्या कॉम्प्युटरवर खरंच दोन रेघा होत्या, एक निळी, एक हिरवी, एकमेकींपासून चांगल्या बोटभर अंतरावर. काढणाऱ्याने नकाशा वाचता यावा म्हणून त्या लांब-लांब काढल्या होत्या.

रूट चालून पाहण्याचं वेड मला ज्यांनी लावलं ते आमचे जुने लाइनमन, सगळ्यांचे काका. तांब्याच्या तारांच्या काळातले. लाइन गेली की खांबाखांबाने चालत सुटायचं, ही त्यांची नोकरी. फायबर आलं तेव्हा ते निवृत्तीला टेकले होते, पण केबल पुरताना शेवटपर्यंत बरोबर चालले. त्यांची एक वही होती. इंजिनिअरने काढलेल्या नकाशात किलोमीटर आणि मीटर असायचे, काकांच्या वहीत असायचं, "मारुतीच्या घुमटीपासून बारा पावलं, फणसाकडे तोंड करून. मोरीच्या उजव्या अंगाला, डाव्या नव्हे." दहाएक वर्षं मी त्या वहीवर कट शोधले. ओटीडीआर मला फणसापर्यंत आणायचा, तिथून पुढे काका.

मग चौपदरीकरण आलं. फणस गेला, घुमटी सरकवली, मोरीच्या जागी मोठा बॉक्स कल्व्हर्ट झाला. वही माझ्याकडे अजून आहे. तिच्यातली केबल जिथल्या तिथे आहे, आजूबाजूचा मुलूखच राहिला नाही. आता मी जीपीएसवर खुणा करतो; त्या हलत नाहीत, पण त्यांना चवही नाही. असो.

दुसऱ्या वाटेकडे परत येतो. रिंगबद्दल सांगायचं आहे.

आमच्या कंपनीचं इथलं जाळं म्हणजे एक मोठं कडं. रत्नागिरीहून महामार्गाने चिपळूण, तिथून पोफळीवरून कुंभार्ली घाट चढून कोयनानगर, पाटण, कराड, कराडहून कोल्हापूर, आणि कोल्हापुराहून मलकापूर, आंबा घाट, साखरपा करत परत रत्नागिरी. कुठेही तुटलं तरी डेटाची वाहतूक दुसऱ्या बाजूने फिरते. उपकरणांना ती वळवायला पन्नास मिलिसेकंदांहून कमी वेळ लागतो, पापणी लवायला याहून जास्त लागतो. व्हिडिओ बघणाऱ्याला कळतही नाही. अशी सोय असताना केबल तुटण्याचं कसलं भय?

भय याचंच, की कळतही नाही.

कडं नव्हतं तेव्हा कट म्हणजे बोंब. पहिल्या मिनिटाला शंभर फोन, दुसऱ्या मिनिटाला साहेबांचे साहेब. माणसं मिळायची, गाडी मिळायची, रात्री अडीचला वनखात्याचा गार्ड फाटक उघडायला यायचा. कडं आल्यावर पहिल्या कटला पडद्यावर एक अलार्म पिवळा होतो. लाल नाही, पिवळा. अडलेला ग्राहक एकही नाही. तक्रार नाही म्हणून घाई नाही, घाई नाही म्हणून गाडी नाही. काम उद्यावर जातं, उद्या दुसरीकडे लाल लागतो, मशीन तिकडे जातं. आणि त्या क्षणापासून तुमचं कडं हे कडं नसतं. ती एक लांबलचक दोरी असते, दोन घाट आणि चार जिल्हे ओलांडून पसरलेली, जिच्या कुठल्याही बिंदूवर एक जेसीबी पुरेसा आहे. फरक इतकाच, की सगळ्यांना ती अजून कडं वाटते.

एका वर्षी नेमकं हेच झालं. कुंभार्लीत, पोफळीच्या वर, केबल तुटली. साळिंदराने खाल्ली होती, तीही अर्धवट. काही कोअर चालू, काही बंद. डोंगराच्या त्या अंगाला खणायला परवानगी हवी, परवानगीला पत्र हवं, पत्रावर सही हवी. सहीचे साहेब रजेवर. पिवळा अलार्म एकोणीस दिवस पिवळा राहिला. मीही रोज तो बघत होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. विसाव्या दिवशी सकाळी साखरप्याजवळ मोरीचं काम करताना आंबा घाटाकडची बाजू गेली आणि कोकण एका बाजूला, देश दुसऱ्या बाजूला झाला. पनवेलकडून येणारी तिसरी वाट तेव्हा आमच्याकडे नव्हती. सात तास. पेट्रोल पंपावर लोक खिशात नोटा शोधत होते. मला आठवतं ते हे, की साखरप्याच्या खड्ड्यात मी सांधे मारत असताना फोनवर सगळे त्या दिवशीच्या जेसीबीला शिव्या घालत होते. त्या बिचाऱ्याने फक्त दुसरा कट केला होता. पहिला आमच्या टेबलावर एकोणीस दिवस पडून होता.

तेव्हापासून माझ्या वहीत एक पान आहे. काकांच्या वहीइतकं रसाळ नाही. कडं कुठल्या तारखेला उघडं पडलं, कुठल्या तारखेला बंद झालं, मधे किती दिवस. महिनाअखेरीस मी ते साहेबांसमोर ठेवतो. बंद पडलेल्या तासांचा हिशेब सगळेच ठेवतात. कडं उघडं पडलेल्या दिवसांचा मागणारं कोणी नसतं. म्हणून न मागता देतो.

दुसरी एक खोड लागली. वर्षातून दोनदा, पहाटे तीनच्या सुमाराला, परवानगी काढून आम्ही कड्याची एक बाजू मुद्दाम बंद करतो. बघायचं, की दुसरी खरंच सगळं ओझं उचलते का. पहिल्यांदा केलं तेव्हा तिने उचललं नाही. वाहतूक वळली, पन्नास मिलिसेकंदांत वळली, आणि रुंद रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या गल्लीत शिराव्यात तशी अडकून बसली. कडं बांधलं तेव्हा दोन्ही बाजू एकेकट्या सगळं पेलू शकत होत्या. मग लोकांनी दोन्ही बाजूंनी भरायला सुरुवात केली, कारण रिकामी जागा दिसली की ती वापरावीशी वाटते. राखीव म्हणून ठेवलेली वाट हळूहळू रोजची झाली होती. एखाद्या घरात पाहुण्यांसाठी ठेवलेली खोली असते. आधी तिथे इस्त्रीचं टेबल येतं, मग धान्याची कोठी, मग मुलगा अभ्यासाला बसतो, आणि पाहुणे आले की कळतं खोली नाही.

सांध्यांचाही असाच हिशेब आहे, तोही कोणी मागत नाही. नवी केबल किलोमीटरला 0.2 डीबीच्या आसपास प्रकाश खाते. प्रत्येक कटला दर तंतूत दोन सांधे वाढतात, प्रत्येक सांधा थोडा खातो, पावसात घाईने मारलेला जरा जास्तच. तीन डीबी गेले की प्रकाश निम्मा. चौपदरीकरणाच्या वर्षांत आमच्या काही टप्प्यांवर दोन किलोमीटरच्या केबलमध्ये सात-सात जॉइंट झाले. तुटत नाही, चालते. पण कधीतरी पलीकडच्या उपकरणाला उजेड पुरत नाही आणि कट न होताच लिंक जाते. तो फॉल्ट शोधायला सगळ्यात वाईट, कारण ताजी माती कुठेच नसते.

एवढं करूनही जुलै 2021 आला.

22 जुलैला वाशिष्ठी चिपळुणात शिरली. त्याच पावसात महाबळेश्वरी चोवीस तासांत 590 मिलिमीटरच्या वर नोंद झाली. चिपळुणातल्या वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचला, कोकण रेल्वे थांबली, आंबा घाटात रस्ता खचला आणि तिकडे पंचगंगेचं पाणी चढून कोल्हापूरजवळ पुणे–बंगळूरचा हमरस्ता बंद झाला. नकाशावर बोट फिरवून पाहा: चिपळूण, आंबा, कोल्हापूर. आमचं कडं. दोन वाटा वेगळ्या जमिनीवरून नेल्याचा मला केवढा अभिमान होता. एक सह्याद्रीच्या या खिंडीतून, एक त्या खिंडीतून. जेसीबी एका वेळी एकाच घाटात असतो. पाऊस सगळ्या घाटांत एकदम असतो. एकाच डोंगराचं पाणी पश्चिमेला वाशिष्ठीत उतरतं आणि पूर्वेला कोयनेत, पंचगंगेत. हे शाळेत भूगोलात होतं. मी ते नेटवर्कचा धडा म्हणून वाचलेलं नव्हतं.

आणि त्या दिवशी नुसती केबल हा प्रश्नही नव्हता. चिपळुणातली उपकरणं पाण्याखाली, जनरेटर पाण्याखाली, डिझेल पोचवायला रस्ता नाही. काच शाबूत असून अंधार. पूर ओसरल्यावर क्लोजर, म्हणजे सांध्यांचे डबे, उघडले तर आत गाळ, सांध्यांच्या ट्रेमध्ये बारीक चिखल असा बसलेला, की कोणी हाताने लिंपला आहे. त्या आठवड्यात मी किती सांधे मारले ते मोजले नाहीत. आजूबाजूचे लोक घरातला चिखल फावड्याने काढत होते, आणि एका आजींनी मला, चिखलाने भरलेल्या मला, स्वतःच्या उरलेल्या स्वच्छ पाण्यातून एक तांब्या हात धुवायला दिला. नेट कधी येणार हे त्यांनी विचारलं नाही. मुंबईच्या मुलाला फोन लागेल का, एवढंच.

समुद्रातल्या केबलांकडे मी कायम जरा आदराने बघत आलो आहे, ते लोक आमच्याहून मोठे. पण 30 जानेवारी 2008ला इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या, सी-मी-वी 4 आणि फ्लॅग, आणि भारतातली कॉल सेंटरं कोलमडली, तेव्हा आमच्या खोलीत मी हसलो होतो. दोन वेगळ्या केबल, वेगळ्या मालकांच्या, आणि दोघी एकाच चिंचोळ्या दारातून गेलेल्या. ब्लू ट्यूब, ऑरेंज ट्यूब. 2024च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रात तेच झालं, बुडत चाललेल्या जहाजाच्या फरफटलेल्या नांगराने. आणि 2011मध्ये जॉर्जियात तांबं शोधायला खणणाऱ्या पंचाहत्तर वर्षांच्या एका आजींच्या फावड्याने शेजारचा आर्मेनिया जवळजवळ सगळाच काही तास नेटविना राहिला. आमच्याकडेही तांब्याच्या आशेने केबल कापतात. काच निघाली की तिथेच टाकून जातात, वर शिवी देऊन जात असणार.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या भारतनेटमध्येही आधी बऱ्याच ठिकाणी तालुक्यापासून गावं माळेसारखी ओवली होती. तालुक्याजवळ तुटलं की पुढची सगळी गावं गेली. ऑगस्ट 2023मध्ये मंजूर झालेल्या सुधारित योजनेत कडी करायचं ठरलं. वाचून बरं वाटलं. मग लगेच मनात आलं, की आता त्या सगळ्या कड्यांचे पिवळे अलार्म कोण बघणार?

गेल्या आठवड्यात पुन्हा पिवळा लागला. कुंभार्ली. ओटीडीआर लावला, 1310 आणि 1550 नॅनोमीटर, प्रकाशाच्या दोन्ही तरंगलांबींवर मारून पाहिलं. दोन्हीवर रेघ एकाच जागी कोसळत होती, म्हणजे केबल नुसती दबलेली नाही, तुटलेली. वरच्या वळणावर लहानशी दरड आली होती. पाऊस बारीक, धुकं असं की ओम्नीच्या काचेपलीकडे काही दिसेना. हाताखालच्या पोराला म्हटलं, चल. तो म्हणाला, काका, सोमवारी गेलो तर? आता मला काका म्हणतात.

गाडीच्या मागे ताडपत्री बांधली, मशीनला टॉवेल गुंडाळला. ब्लू ट्यूबच्या सहा झाल्या, ऑरेंज उघडली. पलीकडे कराडहून एक जण पॉवर मीटर लावून बसला होता, त्याचा आवाज झोपाळलेला. वरून घोंगडी पांघरलेला एक म्हातारा गुरं घेऊन उतरत होता. थांबला, काठी टेकून बराच वेळ बघत राहिला.

"काय ओ, कोनाचं नेट गेलंय?"

"कोणाचंच नाही, बाबा."

"मंग भिजताव कशाला?"

पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी स्लीव्ह ओवली, ब्राऊन सोलली, टिश्यू फिरवला. आवाज आला नाही. पुन्हा फिरवला.